मोठ्या अक्षराची जागा

दुसरीतल्या मुलाची इंग्रजीची वही उघडली, की आधी लाल शाई दिसते. त्या खुणा जरा निवांत पाहिल्या, तर त्यांतल्या कितीतरी एकाच कारणाने झालेल्या असतात. कॅपिटल हवं तिथे स्मॉल काढलं, किंवा स्मॉल हवं तिथे कॅपिटल. शब्द बरोबर आहे, स्पेलिंग बरोबर आहे, वाक्याचा अर्थ लागतो आहे, तरी पान लाल. काय चुकलं असं विचारलं, तर मूल लगेच सांगतं, ‘एम छोटा काढला.’ मोठा का हवा होता? ‘बाईंनी सांगितलंय.’

याहून वेगळं उत्तर त्याला देता येत नाही, कारण ते आपण त्याला दिलेलंच नसतं. कॅपिटल अक्षर कसं काढायचं, हे शाळा महिनोन्‌महिने गिरवून घेते. ते कधी काढायचं, हे मात्र नियमांच्या यादीवर सोपवून पुढच्या धड्याकडे वळते. पहिली गोष्ट हाताची आहे, दुसरी डोक्याची. वाक्य कुठे सुरू होतं आणि नाव कशाला म्हणायचं, या दोन कल्पना मनात आल्याशिवाय मोठं अक्षर आपल्या जागी पडत नाही. मराठी मुलाला या कल्पना आधी मराठीतून मिळायला हव्यात, आणि त्या मुरेपर्यंत लाल शाईने थांबायला हवं. एवढंच मला म्हणायचं आहे. पण हे एवढंसं काम आपल्या शाळांत होत नाही, आणि त्याची किंमत ज्यांच्या घरात इंग्रजी नाही अशी मुलं मोजतात.

महाराष्ट्रात मराठी शाळांत इंग्रजी पूर्वी पाचवीत सुरू होई. तोवर मूल चार वर्षं मराठी लिहीत-वाचत असे. नाम, विशेषनाम, क्रियापद हे शब्द त्याच्या कानावरून गेलेले असत. मग ते इंग्रजीच्या चार लिप्या शिकू लागे. पहिली लिपी, दुसरी लिपी अशी त्यांची मोजदाद असे. दोन छापील आणि दोन वळणाच्या. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० साली इंग्रजी पहिलीपासून आली. तो निर्णय बरोबर की चूक, हा वाद इथे उकरत नाही. परिणाम एवढाच सांगतो, की सहा वर्षांचं मूल एका हाताने बाराखडी गिरवतं आणि त्याच वर्षी दुसरीकडे दोन-दोन एबीसीडी. पूर्वी दहाव्या वर्षी जे समजून घ्यायचं, ते आता सहाव्या वर्षी समोर येतं. शिकवण्याची पद्धत मात्र बरीचशी दहा वर्षांच्या मुलासाठी केलेलीच राहिली आहे.

मुळात या मुलाला मोठं अक्षर ही वस्तूच नवी असते. देवनागरीत ‘क’ एकच. वाक्याच्या आरंभी आला, एखाद्या थोर माणसाच्या नावात आला किंवा ‘कचरा’ या शब्दात आला, तरी त्याचं रूप बदलत नाही. तमिळ, बंगाली, अरबी, हिब्रू, चिनी, यांपैकी कुठल्याच लिपीत मोठं-लहान अक्षर असा भेद नाही. अक्षराची मोठं आणि लहान अशी दोन रूपं ठेवणाऱ्या लिप्या जगात मोजक्या आहेत: रोमन, ग्रीक, रशियनची सिरिलिक, आर्मेनियन आणि आणखी काही थोड्या. म्हणजे मराठी मूल इंग्रजीत एक नवं अक्षर शिकत नसतं, लिहिण्याची एक नवीच रीत शिकत असतं, आणि तिला जोड देता येईल असं त्याच्या अनुभवात काही नसतं. मुलं विचारतातही, ‘दोन कशाला?’ प्रश्न अगदी रास्त आहे. त्याला ‘इंग्रजीत असतात’ एवढं उत्तर पुरेसं नाही, कारण खरं उत्तर गोष्टीसारखं सांगण्याजोगं आहे.

रोमन लोकांकडे मोठीच अक्षरं होती. रोममधल्या ट्राजन स्तंभाच्या पायथ्याशी इसवी सन ११३च्या सुमाराचा कोरीव लेख आहे. तो सगळा आपण आज कॅपिटल म्हणतो त्या अक्षरांत आहे. लहान अक्षर तिथे नाहीच, कारण ते अजून जन्मायचं होतं. दगडावर छिन्नीने कोरायला सरळ रेघा बऱ्या. चामड्यावर बोरूने भराभर लिहू लागले, तशी अक्षरं गोलावत, आखडत गेली. आठव्या शतकाच्या अखेरीस शार्लमेन राजाच्या राज्यात या लहान अक्षरांना एक सुबक, सर्वत्र सारखं वळण मिळालं. अल्क्विन नावाचा इंग्लंडहून आलेला विद्वान त्या काळी त्याच्या दरबारात विद्येचा कारभार पाहत होता. मग लिहिणाऱ्यांनी सोय केली. मजकूर नव्या लहान अक्षरांत, आणि जिथे काही सुरू होतं तिथे जुनं मोठं अक्षर. म्हणजे मोठं अक्षर वडील आहे, लहान धाकटं. आणि वडिलांचं काम आरंभ दाखवण्याचं. हे पाच मिनिटांत सांगून होतं आणि सात वर्षांच्या मुलाला पुरेपूर कळतं. ‘दोन कशाला’ या त्याच्या प्रश्नाचा मानही राहतो.

आता एका पानाकडे जवळून पाहू. वाई तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतली दुसरीतली मुलगी. विषय ‘माय फ्रेंड’. पाच ओळी. पहिल्या ओळीत ‘फ्रेंड’चा एफ मोठा, आणि मैत्रिणीचं नाव ‘कमल’ पूर्णच मोठ्या अक्षरांत, पाचच्या पाच. दुसऱ्या ओळीत ‘वाई’ आहे आणि त्यातला डब्ल्यू मोठा की छोटा, हे वही डोळ्यांजवळ धरूनही ठरवता येत नाही. चौथ्या ओळीत ‘टीचर’चा टी मोठा. या सगळ्यांभोवती सारख्याच लाल गोलांची वेटोळी.

मुलीजवळ बसून एकेक विचारलं, तर प्रत्येक गोलामागचं कारण वेगळं निघालं. ‘फ्रेंड’चा एफ मोठा, कारण छोटा एफ वरून कुठे वळतो ते आठवेना, मोठा पक्का येतो. ही अडचण निव्वळ हाताची. ‘कमल’ सगळंच मोठ्यात, कारण नाव असंच लिहितात; घरात बाबांच्या एटीएम कार्डावर, पॅन कार्डावर नाव असंच असतं. तिचं निरीक्षण अचूक होतं. तिच्या घरात जेवढी इंग्रजी शिरते, ती मोठ्या अक्षरांतूनच शिरते. दुकानाच्या पाट्या, रेल्वे स्टेशनच्या नावाचे फलक, पुड्यांवरची नावं, ‘ब्लॉक लेटर्समध्ये भरा’ असं बजावणारे अर्ज. जिथे लहान अक्षर मुबलक असतं ते गोष्टीचं पुस्तक, आणि तेच तिच्या घरात नाही. ‘वाई’तला डब्ल्यू ठरवता येत नव्हता, कारण वही एकेरी होती. सी, ओ, एस, व्ही, डब्ल्यू, एक्स, झेड ही सात अक्षरं दोन्ही लिप्यांत आकाराने सारखीच. फरक फक्त उंचीचा. चौरेघी वहीत रेघ सांगते की अक्षर कितव्या मजल्यापर्यंत चढलं. एकेरी वहीत ते सांगणारं कुणी नसतं. तिने मोठा काढलाही असेल. आणि ‘टीचर’? तिने मान खाली घालून सांगितलं, ‘बाईंचं आहे ना ते.’

हे शेवटचं उत्तर मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. मराठीत ‘बाई आली’ म्हणत नाहीत, ‘बाई आल्या’ म्हणतात. आदर दाखवायला भाषेने अनेकवचन दिलं आहे, आणि ही पोर ते दोन वर्षांची असल्यापासून वापरते आहे. इंग्रजीत आदर कुठे ठेवायचा, हे तिने शोधलं आणि मोठं अक्षर तिला त्या कामाचं वाटलं. ही चूक खरी, पण हा विचार आहे. छोटा एफ न आठवणं आणि बाईंना मान देणं या दोन गोष्टींवर एकच लाल गोल ओढला, की दोन्हींपैकी काहीच शिकवलं जात नाही. पहिलीला हवा सराव. दुसरीला हवं बोलणं: इंग्रजी अशा ठिकाणी मान दाखवायला मोठं अक्षर वापरत नाही, ‘टीचर’ हे काम झालं, बाईंचं नाव वेगळं. चार कारणांवर चार उपाय लागतात. तपासायला शंभर वह्या असताना हे कसं जमायचं, असं शिक्षक म्हणतील, आणि त्यांचं खरंच आहे. म्हणूनच सांगतो, की सगळे गोल एकाच वेळी ओढू नका. या महिन्यात फक्त वाक्याचा आरंभ पाहायचा, बाकी सोडून द्यायचं, असं ठरवलं तर वह्याही लवकर तपासून होतील.

नावाची कल्पना शिकवायला मराठीइतकं चांगलं साधन दुसरं नाही, कारण मराठी लिपी इथे काहीच मदत करत नाही आणि सगळा भार अर्थावर येतो. ‘आशा सोडू नकोस.’ हे वाक्य फळ्यावर लिहून मुलांना विचारा, की कुणाला सांगितलंय? निम्मी मुलं म्हणतील, आशाला सांगितलंय, काहीतरी सोडू नको म्हणून. निम्मी म्हणतील, धीर धर असं कुणालातरी सांगितलंय. ‘सागर शांत आहे.’ समुद्र की शेजारच्या बाकावरचा मुलगा? ‘उद्या प्रकाश येईल.’ लाइट येणार की मामा? आपल्याकडे आई-वडील मुलांची नावं भाषेतल्या चालत्या शब्दांतून उचलतात, त्यामुळे असली वाक्यं हवी तितकी मिळतात. मुलं खूष होऊन स्वतः करू लागतात. आणि मग सांगता येतं: आपण संदर्भावरून ओळखतो, इंग्रजीने खूण ठेवली आहे, नावाचं पहिलं अक्षर मोठं.

विशेषनाम ओळखण्याची एक चाचणी वर्गात करून पाहण्यासारखी आहे. शब्दापुढे ‘कोणता, कोणती, कोणतं’ असा प्रश्न टाकायचा. गाव? कोणतं गाव? वाई. कोणती वाई? इथे मुलं थांबतात. वाई ती वाई. नदी? कोणती? कृष्णा. कोणती कृष्णा? पुन्हा थांबतात. दिवस? सोमवार. महिना? श्रावण. कुत्रा? मोती. जिथे प्रश्न थकतो, तिथे विशेषनाम. हमखास एखादं पोरगं विचारतं, आंबा? कोणता? हापूस. मग हापूस विशेषनाम का? त्याला म्हणावं, पुढे विचार. कोणता हापूस? देवगडचा, रत्नागिरीचा. प्रश्न थकला नाही. तरी इंग्रजीत त्याचं पहिलं अक्षर मोठंच लिहितात, कारण तिथे तो आंबा एका पोर्तुगीज माणसाच्या नावाने ओळखला जातो, आणि माणसाच्या नावाचं मोठं अक्षर आंब्यालाही मिळालं. मुलांच्या हातात नियम द्यावा आणि त्याच तासाला त्याची मर्यादाही दाखवावी; मुलं त्याने गोंधळत नाहीत. ती गोंधळतात नियम शंभर टक्के चालतो असं सांगितल्यावर आणि दुसऱ्या दिवशी तो मोडलेला दिसल्यावर.

इंग्रजीतला हा नियम बऱ्याच जागी मोडतोच. सोमवारला मोठं अक्षर, पण उन्हाळ्याला नाही. मार्चला मोठं, पण सकाळला नाही. मराठी, हिंदी, इंग्रजी या भाषांच्या नावांना मोठं, पण गणिताला आणि इतिहासाला नाही. यात तर्क शोधायला गेलं, तर शोधणारा दमेल. फ्रेंच माणूस वारांची आणि महिन्यांची नावं लहान अक्षराने लिहितो, भाषांची नावंही लहानच. स्पॅनिशही तसंच. जर्मन माणूस तर प्रत्येक नामाला मोठं अक्षर देतो. टेबल, पाऊस, भूक, सगळ्यांना. डॅनिश लोकही देत असत, त्यांनी १९४८ सालच्या शुद्धलेखन सुधारणेत ते थांबवलं. इंग्रजीतही एके काळी नामांना मोठी अक्षरं द्यायची चाल होती. १७८७ची अमेरिकेची राज्यघटना मूळ प्रतीत पाहिली, तर पानभर मोठी अक्षरं दिसतात. आजच्या मास्तरांनी ती तपासली असती, तर लाल शाईची दौत संपली असती. म्हणजे हे नियम माणसांनी केले आणि माणसांनीच बदलले. जिथे अर्थ आहे तिथे अर्थ सांगावा. जिथे नुसती रूढी आहे तिथे सरळ म्हणावं, की इंग्रजीत असं लिहितात, लक्षात ठेवू या. मुलाला खोटं कारण दिलं की ते पुढे खऱ्या कारणावरही विश्वास ठेवत नाही.

‘मी’ या अर्थाच्या ‘आय’चंही तसंच. तो नेहमी मोठा, वाक्याच्या मध्ये आला तरी. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश या भाषांत ‘मी’ लहान अक्षराने लिहितात. हा मान इंग्रजीतच आहे. काही वर्गांत सांगतात, ‘मी मोठा, म्हणून आय मोठा.’ हे मुलांच्या लक्षात राहतं, पण चुकीचं काहीतरी मनात ठेवून राहतं. मग ‘वी’ आणि ‘यू’लाही ती मोठं करतात, कारण ‘आपण’ आणि ‘तुम्ही’ काही कमी मोठे नसतात. अभ्यासकांचं बहुतेक एकमत असं, की जुन्या हस्तलिखितांत एकटी लहान उभी रेघ शेजारच्या अक्षरांत हरवून जाई, म्हणून ती उंच काढू लागले. हेच सांगावं. हरवू नये म्हणून उंच केलेलं अक्षर मुलाला पटकन समजतं आणि ‘वी’ला ते लागू पडत नाही, हेही त्याचं तेच ओळखतं.

आता वाक्याचा आरंभ. हा भाग मला नावापेक्षा अवघड वाटतो, आणि शाळांत मात्र तो सोपा समजून आधी उरकला जातो. सात वर्षांचं मूल बोलतं कसं? ‘आम्ही जत्रेला गेलो मग पाळण्यात बसलो मग दादा रडला मग आईने भेळ घेतली मग पाऊस आला.’ यात वाक्यं किती? मुलाच्या लेखी एकच, जत्रेएवढं लांब. त्याला ‘प्रत्येक वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल’ हा नियम पाठ आहे आणि तो त्याने तंतोतंत पाळला आहे: पहिल्या शब्दाला एकदा कॅपिटल काढलं, संपलं. नियम मोडला असं आपण म्हणतो, पण त्याला वाक्यच सापडलेलं नाही.

वाक्य ही बोलण्यातली नव्हे, लिहिण्यातली गोष्ट आहे. आपल्या मराठीलाही ती उशिराच सापडली. पेशवाईतली मोडी कागदपत्रं पाहा. लेखणी न उचलता ओळीच्या ओळी लिहिलेल्या. शब्द तुटत नाही, वाक्य तुटत नाही. वाचणारा जाणता असे, तो अर्थावरून तोडत जाई. छपाई आली, शाळा आल्या, अनोळखी वाचक आला, तेव्हा खुणांची गरज लागली. मोल्सवर्थच्या मराठी शब्दकोशाच्या कामातले सहकारी मेजर थॉमस कँडी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात मराठी विरामचिन्हांवर पुस्तक लिहिलं, आणि पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह ही सगळी मंडळी इंग्रजी छपाईतून मराठीत येऊन स्थिरावली. हिंदीने वाक्य संपवायला दंड ठेवला. मराठीने इंग्रजीचा टिंब घेतला. एक गोष्ट मात्र आपण घेतली नाही: टिंबानंतरचं मोठं अक्षर. लिपीतच ते नव्हतं, घेणार कुठून?

पण या उसनवारीचा एक मोठा फायदा मराठी मुलाला मिळतो, आणि तो आपण वापरत नाही. पूर्णविराम दोन्ही भाषांत तोच. तेव्हा इंग्रजीतलं मोठं अक्षर शिकवण्याआधी मराठीतला पूर्णविराम शिकवावा. जत्रेचं ते लांबलचक बोलणं मुलाच्याच शब्दांत फळ्यावर उतरवावं. ‘मग’ पुसत जावं आणि जिथे ‘कोण’ आणि ‘काय केलं’ या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळाली तिथे टिंब द्यावा. आम्ही जत्रेला गेलो, टिंब. दादा रडला, टिंब. श्वास लागेल तिथे पूर्णविराम, असंही शिकवतात. त्याने मुलं दमतील तिथे वाक्य तोडतात. ‘कोण, काय केलं’ ही कसोटी अधिक भरवशाची. हे मराठीत काही आठवडे चाललं, की इंग्रजीत सांगायचं उरतं एकच: टिंब दिलास ना, आता पुढच्या दारावर मोठं अक्षर. ही दोन चिन्हं जोडीनेच शिकवली पाहिजेत. एक वाक्य बंद करतं, दुसरं उघडतं. आपल्या पाठ्यक्रमांत मात्र कॅपिटल अक्षरं मुळाक्षरांच्या धड्यात आणि पूर्णविराम पुढे कुठेतरी व्याकरणात.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो घेणारे शिक्षक अनुभवी असतात. वळण लहानपणीच लागतं. दुसरीत सूट दिली तर सातवीत सुधारणार नाही. अक्षराच्या वळणाबाबत मला हे पूर्ण मान्य आहे. एफ कुठून सुरू करायचा, बी आणि डीची पोटं कुठल्या बाजूला, हे पहिल्याच वर्षी हातात बसवलं पाहिजे. पण कॅपिटल कुठे द्यायचं, ही हाताची सवय नाही. ज्याला वाक्य सापडलेलं नाही त्याच्याकडून वाक्यारंभ गिरवून घेतला, तर सवय लागते ती ओळीच्या आरंभी कॅपिटल काढण्याची, आणि ही सवय पुढे सोडवणं जास्त कठीण जातं. सातवी-आठवीच्या निबंधांत प्रत्येक नव्या ओळीला मोठं अक्षर काढणारी मुलं दिसतात, ती यातूनच आलेली.

आणखी एक गोष्ट घडते, ती वहीत लाल रंगात दिसत नाही. मूल कमी लिहू लागतं. पाच ओळींना सहा गोल मिळाले, की पुढच्या वेळी तीन ओळी येतात. गावाचं नाव लिहायचं टाळलं जातं, मित्राच्या नावाऐवजी ‘माय फ्रेंड’च चालवलं जातं. चुकण्याची जागाच काढून टाकली की पान स्वच्छ राहतं, हे ते शिकतं. त्या स्वच्छ पानाखाली शेरा पडतो ‘गुड’.

बाहेर काय चालतं ते पाहा. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या मुलांकडून, वाक्याचा आरंभ, माणसांची आणि जागांची नावं, वार आणि ‘आय’, एवढ्याची सुरुवात अपेक्षित आहे. ती मुलं जन्मापासून इंग्रजी ऐकत आलेली. अमेरिकेत २०१०मध्ये आखलेल्या कॉमन कोअर आराखड्यात हेच काम चार वर्षांवर पसरवलं आहे: बालवर्गात वाक्याचा पहिला शब्द आणि ‘आय’, पहिलीत तारखा आणि माणसांची नावं, दुसरीत सण, वस्तूंच्या छापाची नावं, भूगोलातली नावं, पुस्तकांची शीर्षकं तिसरीत. ज्यांची मायबोली इंग्रजी, त्यांना चार वर्षं. आपल्याकडे व्याकरणाच्या गाइडात ‘कॅपिटल लेटर्सचे नियम’ हे एक पान असतं, त्यावर ओळीने सगळे नियम असतात, आणि ते पान एका आठवड्यात पाठ होतं. अभ्यासक्रम परका म्हणून तो उचलावा असं मी म्हणत नाही. त्यातला क्रम आणि धीर मात्र घ्यावा. आपल्या मुलांना तर त्याहून जास्त वेळ मिळायला हवा.

याच्या अगदी उलट बाजूनेही आक्षेप येतो, तोही सोडून देण्यासारखा नाही. हा सगळा निव्वळ संकेत आहे, अर्थ तसाही लागतो, मग मुलांना छळायचं कशाला? जर्मनीतल्या बाउहाउस या प्रसिद्ध कलाशाळेत हर्बर्ट बायर या आरेखकाने १९२५मध्ये मोठी अक्षरं वापरायचंच सोडून दिलं. एका ध्वनीला दोन चिन्हं कशाला, असा त्याचा सवाल होता. देवनागरीत वाढलेल्या माणसाला हा सवाल आतून पटतो. आपलं त्यावाचून काही अडलेलं नाही. व्हॉट्सॅपवर रोमन अक्षरांत मराठी लिहिताना आपण मोठ्या अक्षराची पर्वा करत नाही, आणि संगणकावर रोमनमधून देवनागरी टंकताना तर मोठ्या ‘टी’ला ‘ट’ आणि मोठ्या ‘एन’ला ‘ण’ करून त्याला वेगळंच काम दिलं आहे.

तरीही मी म्हणेन, शिकवलंच पाहिजे, आणि नीट शिकवलं पाहिजे. बायरने लहान अक्षरं वापरली ती शैली ठरली. खेड्यातल्या शाळेतून आलेली मुलगी नोकरीच्या अर्जात ‘आय’ लहान काढते, तेव्हा ते अज्ञान ठरतं. अर्ज वाचणारा मजकुरापर्यंत पोचतही नाही. ज्याच्याजवळ मान आहे त्याला नियम मोडायची मुभा मिळते. जिला मान मिळवायचा आहे, तिच्या हातात नियम असलाच पाहिजे. मोबाइल आपणहून टिंबानंतर मोठं अक्षर घालतो हे खरं, पण परीक्षेचा पेपर अजून हातानेच लिहायचा असतो. आणि फोन नाव ओळखेल तो त्याने पुष्कळ वेळा पाहिलेलं असेल तेव्हाच. आपल्या गावांची, वाड्यांची, नद्यांची नावं त्याला ओळखीची असतीलच असं नाही.

क्रमाबद्दलही थोडं. बहुतेक शाळा आधी सगळी मोठी एबीसीडी आणि मग छोटी, असा क्रम घेतात. मोठी अक्षरं काढायला सोपी, सरळ रेघांची; बी, डी, पी, क्यू ही लहान रूपात एकमेकांची आरशातली सावली होतात, मोठ्या रूपात होत नाहीत. या क्रमाला आधार आहे. पण कुठल्याही छापील पानावर मोठं अक्षर एका ओळीत एखाद-दुसरंच असतं, बाकी सगळी छोटी. वाचनासाठी छोटीच लागतात. म्हणून मॉन्टेसरीच्या पद्धतीत बोटाने गिरवायची खरखरीत अक्षरं छोटीच आधी दिली जातात. मला हा क्रम जास्त पटतो, एका सवलतीसह: मुलाच्या स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर पहिल्या दिवसापासून मोठं शिकवावं. एका वर्गात तीस मुलं असली, तर बरीचशी मोठी अक्षरं अशी कुणाची ना कुणाची होऊन बसतात. के कमलचा, एस सागरचा. मोठं अक्षर नावाला असतं, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

शेवटी परीक्षेचा प्रश्न. घटक चाचणीत ठरलेला प्रश्न असतो: एक वाक्य सगळं लहान अक्षरांत छापलेलं, आणि वर सूचना, ‘योग्य ठिकाणी कॅपिटल लेटर वापरून पुन्हा लिहा.’ प्रत्येक जागेला अर्धा गुण. मुलं हा प्रश्न सोडवतात, गुण मिळवतात आणि पुढच्याच पानावरच्या स्वतःच्या पाच ओळींत त्याच चुका करतात, कारण तिथे कुणी आधीच चूक शोधायला सांगितलेलं नसतं. त्याऐवजी बरोबर लिहिलेलं एक वाक्य द्यावं, त्यातल्या दोन मोठ्या अक्षरांखाली रेघ मारावी आणि विचारावं, हे इथे का आहे? उत्तर मराठीत चालेल. ‘वाक्य सुरू झालं म्हणून’ आणि ‘कमल हे नाव आहे म्हणून’, एवढी दोन उत्तरं ज्या मुलाला लिहिता आली, त्याला दोन्हींचे पूर्ण गुण द्यावेत, मग त्याने ‘कमल’चं स्पेलिंग कसंही लिहिलेलं असो.